खड्ड्यात काय घालावं?

इंदुरात दातांच्या डॉक्टरनं ‘चोवीस तास थुंकायचं नाही’ असं बजावलं तर पेशंटला त्याचं फारसं नवल वाटत नाही. महापालिका तेच सांगत असते. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, तेव्हापासून तोंडातला ऐवज तोंडातच ठेवायचा हे आम्हा इंदुरी लोकांच्या अंगवळणी पडलंय. त्यामुळे माझी खालची उजवी अक्कलदाढ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्या जागी गॉजचा बोळा दाबला आणि “अंकल, थूकना नहीं, कुल्ला नहीं, स्ट्रॉ नहीं, सिगरेट नहीं, उँगली नहीं, जीभ भी नहीं,” अशी नकारांची माळ ओढली, तेव्हा मी प्रत्येक मण्याला मान डोलावली. बोळ्यामुळे बोलता येत नव्हतं. बोलता येत नसलं की मी फार आज्ञाधारक दिसतो.

दाढ कशी निघाली ते सांगत बसत नाही. तिच्या मुळांना माझ्याबद्दल एवढा जिव्हाळा असेल असं वाटलं नव्हतं, इतकंच. अक्कलदाढ निघाल्यावर माणूस कसा वागतो, ते पुढे येईलच. दाढ होती तोवर ती माझी एकट्याची होती. ठणकली तरी मलाच. ती गेली आणि मागे जो खड्डा उरला तो मात्र सार्वजनिक झाला. त्यात काय घालावं याबद्दल आमच्या घरात, गल्लीत आणि थेट न्यू जर्सीपर्यंत ज्याला त्याला मत होतं.

डॉक्टरीणबाईंचं मत होतं, काहीही घालू नये. त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवलं. दाढ निघाली की हाडातली पोकळी रक्तानं भरते, ते रक्त गोठून तिथे गुठळी बसते, आणि ती गुठळी म्हणजे खालच्या उघड्या हाडावरचं झाकण. दोन-तीन दिवसांत तिच्यात नवं मऊ मांस धरायला लागतं, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते, आणि आतलं हाड भरून यायला काही महिने जातात. “यही आपकी दवाई है,” गुठळीभोवती पेनानं गोल करत त्या म्हणाल्या, “इसको बस छेड़ना नहीं.”

मी निराश झालो. एवढे पैसे मोजून औषध काय, तर माझंच रक्त! माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी आणखी एक पर्याय सांगितला. दंडातून थोडं रक्त काढायचं, नळीत भरून यंत्रात गरगर फिरवायचं, मग त्यातून फायब्रिनचा एक लिबलिबीत पडदा निघतो, तो खड्ड्यात बसवायचा. पीआरएफ म्हणतात त्याला; २००१ च्या सुमारास फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून या डॉक्टरांनी ही युक्ती काढली. म्हणजे पुन्हा माझंच रक्त, वर फिरवण्याचा आकार वेगळा. सगळी हयात बँकेत काढलेल्या माणसाला स्वतःचीच ठेव शुल्क भरून परत घेणं जिवावर येतं. मी बोळ्याआडून नाही म्हटलं.

घरी आलो तर आत्या बाटली घेऊन बसलीच होती.

आत्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात वाढलेली. तिच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, त्यामुळे दातांच्या बाबतीत घरात सगळ्यात दांडगा अनुभव तिचा. बाटली लवंगेच्या तेलाची. सियागंजातून आणलेली, करंगळीएवढी, रबरी बुचाची. तेल झिरपून लेबलावरची शाई पार उतरली होती; ‘शुद्ध’ एवढाच शब्द शिल्लक होता. डॉक्टरांनी काही घालायचं नाही म्हणून सांगितलंय, असं मी खुणांनी समजावलं. “अरे, घालायचं कोण म्हणतंय? नुसता हात लावायचा,” असं म्हणत तिनं काडीला कापूस गुंडाळला आणि बाटली उपडी केली. थेंब कापसात थांबलाच नाही. काडीवरून हिरडीवर, हिरडीवरून गालाच्या आत आणि तिथून जिभेखाली असा तो सावकाश उतरत गेला. बधिरतेचं इंजेक्शन तेव्हा नुकतंच ओसरायला लागलं होतं. माझ्या तोंडाचा बधिर भाग कुठे संपतो आणि जागा भाग कुठे सुरू होतो, ती सीमारेषा त्या थेंबानं तलाठ्याच्या अचूकपणानं आखून दिली. निव्वळ लवंगतेल ओल्या हिरडीला भाजतं. मी जो आवाज काढला त्याचा अर्थ आत्यानं “बघ, पडला ना आराम!” असा लावला.

तेवढ्यात शेजारचे भाईसाहब तुरटीचा खडा घेऊन आले. सलूनमध्ये वस्तरा लागला की तुरटी फिरवतात आणि रक्त थांबतं, हा त्यांचा आधार. “दाढ़ी हो या दाढ़, भिया, खून तो खून है!” या तर्काला उत्तर नव्हतं. असतं तरी बोळा होता. खडा मी खिशात ठेवला आणि जेवणानंतर, कुणी बघत नाही असं पाहून, दाढेच्या जागी फिरवून घेतला. एवढ्या आपुलकीनं आणलेली वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.

मग न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल. “मामा, टी-बॅग ओली करून चावून धरा. चहातल्या टॅनिननं रक्त थांबतं, इथले डेंटिस्ट पण सांगतात.” यात तथ्य आहे, रक्त झिरपत राहिलं तर तसा सल्ला देतात. माझं रक्त केव्हाच थांबलं होतं, पण अमेरिकेतून आलेला सल्ला. अडचण एवढीच की आमच्याकडे टी-बॅग नव्हती, सुटी चहापत्ती होती. हिनं जुन्या मलमलीच्या तुकड्यात चमचाभर चहा बांधून पुरचुंडी करून दिली. ती मी दाढेखाली धरली आणि गाठ सुटली. चोवीस तास थुंकायचं नाही, हा नियम मी त्या वेळी कसोशीनं पाळला. सगळा चहा गिळला.

“तुम्हाला नाही म्हणता येत नाही का हो?” ही म्हणाली. नाही, असं उत्तर द्यायचं होतं, पण दातांत पत्ती होती.

संध्याकाळी आमचे एक वैद्य स्नेही समाचाराला आले. त्यांचं बोलणं ऐकत राहावं असं असतं, आणि माझ्या पुढच्या हालांचा काही दोष त्या रसाळपणाकडे जातो. त्यांनी सांगितलं की सुश्रुतसंहितेत व्रणाला मध आणि तूप सांगितलंय, आणि तोंडाच्या तक्रारींसाठी गंडूष आणि कवल. गंडूष म्हणजे तोंड द्रवानं असं गच्च भरायचं की तो आत हलता कामा नये. नुसतं धरून बसायचं. कवल म्हणजे त्याहून कमी, खळखळवता येईल इतका. मध ओलावा ओढून घेतो, म्हणून जंतूंना त्यात जगणं अवघड होतं. मोठमोठ्या इस्पितळांतून आजही जखमांवर मध वापरतात, मात्र तो निर्जंतुक केलेला असतो. एवढं सांगून ते शेवटी म्हणाले, “पण आज यातलं काही करू नका. नुसती विश्रांती घ्या.” हे शेवटचं वाक्य मला आजही स्पष्ट आठवतं. ते जाताच मी डब्यातल्या मधात कोमट पाणी घालून बसलो. गंडूष की कवल असा प्रश्न होता. गंडूषात गप्प बसावं लागतं. मी कवल निवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याचं जाहीर दर्शन झालं. खिडकीजवळ खुर्ची, मागे मान, मोबाइलचा दिवा. आधी आत्या, मग ही, मग दुधाचे पैसे न्यायला आलेला माणूस. खड्ड्यात पांढरट-पिवळट काहीतरी दिसत होतं. “पू झाला,” आत्या म्हणाली. “पस है,” दूधवाल्यानं दुजोरा दिला. खरं तर भरत आलेल्या जागेवर असा फायब्रिनचा पांढरा थर दिसतोच. तो जखम बरी होत असल्याची खूण. पण माझ्या तोंडातली ती एकमेव चांगली घटना आम्ही तिघा-चौघांनी मिळून घाण ठरवली आणि मी ती धुऊन काढायला उठलो. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा, असं चिठ्ठीवर होतंच. चोवीस तासांनंतर, हळू, पाणी तोंडात नुसतं इकडून तिकडे कलतं करून आपसूक ओघळू द्यायचं, असंही होतं, पण ते पुढच्या ओळीवर. मी नेहमीच्या जोमानं खळखळून गुळण्या केल्या. आमच्या गुळण्यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो.

चिठ्ठीवर आणखी एक नाव होतं. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन, दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा. दाढ काढण्याच्या आधी आणि नंतर या द्रावणानं तोंड धुतलं, किंवा त्याची जेल खड्ड्यात घातली, तर पुढचा घोटाळा होण्याचं प्रमाण घटतं, असं कितीतरी चाचण्यांतून दिसून आलंय. म्हणजे जे एक औषध पुराव्यानिशी वापरायचं ते आमच्या घरात होतं. बाटलीचं सील मात्र तसंच. आत्याच्या मते ते ‘केमिकल’ होतं.

एवढ्यानंही कदाचित निभावलं असतं. पण पुण्याचे साडू आले, आणि पुण्याचा पाहुणा इंदुरात येऊन सराफ्यात न जाता परत गेला तर समाजात तोंड दाखवायला जागा राहत नाही. रात्री सोन्या-चांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. मी फक्त सोबत जायचं, खायचं काही नाही, असं ठरलं होतं.

थंडी पडली होती, म्हणजे गराडूचे दिवस. गराडू हा कंद. त्याच्या फोडी एकदा तळून ढिगानं ठेवलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात, कडा तांबूस झाल्या की झाऱ्यानं उपसतात, वर लिंबू पिळतात आणि जीरावन भुरभुरवतात. साडूंच्या दाताखाली पहिली फोड कुर्र वाजली. मी मान फिरवली. त्या क्षणी मला स्वतःबद्दल जो आदर वाटला तो पुन्हा कधी वाटला नाही. गराडूला नकार दिल्यावर भुट्ट्याचा कीस खायला हरकत नव्हती, तो मऊ. आणि कीस तिखट लागल्यावर शिकंजीला हरकत नव्हती; ती गार. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, हे साडूंना समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. आमच्याकडे ती आटवलेल्या दुधाची, केशर-पिस्ता घातलेली, चांगली दाट असते. डॉक्टरीणबाईंनी मऊ, गार आणि पातळ खा म्हटलं होतं. यातल्या दोन अटी शिकंजी पुऱ्या करत होती. ती दाढेच्या बाजूला जाऊ नये म्हणून खबरदारी घ्यायची होती, ती मी शेजारच्या गाडीवरून स्ट्रॉ आणून घेतली.

दाट शिकंजी स्ट्रॉतून वर यायला जोर लागतो. मी लावला. मध्येच तोंडात काहीतरी बारीक, मऊ, जरासं खारट आलं. पिस्ता असावा असं समजून गिळलं.

दुखणं तिसऱ्या रात्री आलं. दाढ काढायच्या आधी जे दुखत होतं ते आता मला लाडिक वाटायला लागलं. हे जबड्यातून निघून कानात शिरायचं, कानातून कानशिलात, आणि तिथे मुक्कामाला राहायचं. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बाजूला सरायचं. तोंडाला असा वास येत होता की ही पलंगाच्या त्या टोकाला गेली आणि पहाटे दिवाणखान्यात. मी आरशासमोर दिवा धरून पाहिलं. खड्डा रिकामा होता. तळाशी करडं हाड दिसत होतं. स्वतःचं हाड स्वतः बघण्याची वेळ माणसावर सहसा येत नाही, आणि आली तरी पहाटे तीनला येऊ नये.

याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १८९६ साली हे दुखणं पहिल्यांदा लिहून ठेवलं. गुठळी निखळते किंवा विरघळते, हाड उघडं पडतं, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ठणका सुरू होतो. साध्या दाढेला शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालच्या अक्कलदाढेला हा आकडा तीसपर्यंतही जातो. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांना जास्त. मी ओढत नाही. मी शिकंजी ओढतो.

“क्या-क्या लगाया, अंकल?” डॉक्टरीणबाईंनी पेन उघडून विचारलं. मी सांगत गेलो. लवंगतेल. तुरटी. चहापत्ती. मध. मिठाचं पाणी. मध्ये हळदीचा एक लेप राहून गेला होता, तोही सांगितला. तुरटीपर्यंत त्या लिहीत होत्या. चहापत्तीला पेन थांबलं. हळदीला त्यांनी टोपण लावून टाकलं. “बस जीरावन बाकी रह गया,” त्या म्हणाल्या. भुट्ट्याच्या किसावर ते होतं, म्हणून मी गप्प राहिलो. नेमका गुन्हेगार कोण, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की सांगता येत नाही, कधीकधी सगळं पथ्य पाळूनही गुठळी टिकत नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरत होतं, तेवढ्यात माझ्याबरोबर आलेल्या आत्यानं शिकंजीचं सांगितलं. तिथे तपास संपला.

उपचार मात्र सोपा निघाला. अँटिबायोटिक नाही की काही नाही. सलाइनच्या कोमट पाण्यानं सिरिंजनं खड्डा धुतला, आणि चिमट्यात औषधात भिजवलेली गॉजची बारीक पट्टी धरून ती आत घडी घालत बसवली. पट्टी ओठांजवळ आली आणि ओळखीचा वास आला. मी डोळे उघडले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आत्याही ताठ बसली होती.

“लवंगच ना ती?” आत्या म्हणाली.

“हाँ दादी, यूजेनॉल है, लौंग के तेल में वही होता है, लेकिन—”

लेकिनच्या पुढे डॉक्टरीणबाई बरंच काही बोलल्या. यूजेनॉल नसेला बधिर करतं, पण ते मापात, पट्टीत किंवा लेपात घालून द्यायचं. ताज्या जखमेवर बाटली उपडी करायची नसते. आणि मुळात गुठळी जागेवर असेल तर त्याची गरजच नसते. आत्याला कमी ऐकू येतं. तिच्या कानातलं यंत्र ‘हाँ दादी’पर्यंत चालू होतं. दुखणं दहा मिनिटांत इतकं उतरलं की मला रडू आलं. संध्याकाळपर्यंत रामबागेत कळलं होतं की एवढी शिकलेली डॉक्टर, पण शेवटी आमच्या आत्याच्याच औषधावर आली.

आता मी सुधारलो. क्लोरहेक्सिडीनचं सील फोडलं आणि सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच भक्तिभावानं ते वापरू लागलो. हे औषध ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात जंतुनाशक म्हणून आलं आणि १९७० च्या सुमारास दातांवरचं किटण रोखतं म्हणून तोंडात गेलं. दोन गोष्टी ते बरोबर घेऊन येतं. एक, दातांवर तपकिरी डाग चढतात, त्यातून चहा ढोसणाऱ्याच्या दातांवर लवकर. “गुटखा कब से, भिया?” असं भाईसाहबांनी दबक्या आवाजात विचारलं आणि घरी सांगणार नाही असं वचनही दिलं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. तोंडाची चव जाते. त्यातही खारट चव.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळणार नाही. इंदुरी माणसाची खारट चव जाणं म्हणजे नुसता आजार नव्हे. सकाळी पोहे, वर शेव, दुपारी शेव, चहाबरोबर शेव, भाजी नसली तर शेवेची भाजी. माझ्या तोंडात लवंग शेवेतली लवंग तेवढी पोहोचायची, शेव वाटेतच राहायची. ठरलेल्या दुकानात जाऊन मी मालकाला, माल बिघडलाय, मीठ कमी पडतंय, असं चारचौघांत सुनावलं. त्यानं माझ्या तपकिरी दातांकडे बघितलं आणि सौम्यपणे पुढच्या गिऱ्हाइकाला घेतलं.

त्यातच चंपाषष्ठी आली. मल्हारी मार्तंड हे होळकरांचं कुलदैवत, राजवाड्यात त्याचं देऊळ आहे. होळकरांच्या पाठोपाठ इंदुरात आलेल्या आमच्यासारख्या घरांतूनही त्या दिवशी भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी घरात येतात. भरताचं खातं माझं. वांगी शेगडीवर साल करपून तडकेपर्यंत भाजायची, गरम असतानाच सोलायची, कांद्याची पात, मिरची, लसूण, कच्चं तेल. सबंध वर्षात मला स्वयंपाकघरात मान मिळण्याचा एवढाच दिवस. वैद्य स्नेही, भाईसाहब, त्यांच्या घरची मंडळी, सगळे जेवायला होते.

नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नसते, म्हणून मी नेहमीच्या अंदाजानं मीठ घातलं होतं. नैवेद्य झाला, बाहेर तळी उचलायला सगळे जमले, ‘येळकोट येळकोट’ सुरू झालं, आणि मी एकटा आत राहून बोटभर भरीत जिभेवर ठेवलं. अळणी! ठार अळणी. मूठभर मीठ घातलं. कालवलं. पुन्हा चाखलं. अजून अळणीच. बाहेर भंडारा उधळला जात होता, आत मी.

पानं मांडली. वैद्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताचा पहिला घास घेतला आणि पाण्याचं भांडं उचललं. तोंड गच्च भरून घेतलं आणि काही न बोलता, जराही न हलवता, पाणी तसंच धरून बसले. गंडूष कसा असतो ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. भाईसाहबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग देवाकडे. हिनं पातेलं ओढून चाखलं आणि डोळे मिटून घेतले.

आत्या मात्र आपल्या कवळीखाली भरीत शांतपणे चावत होती. घास गिळून ती म्हणाली, “छान झालंय रे. फक्त हातासरशी थोडं कोमट पाणी दे सगळ्यांना. आज कुणाला गुळण्यांना वेगळं मीठ लागायचं नाही.”